महिन्याच्या आठ तारखेचा हिशोब: ऑनलाइन गॅम्ब्लिंगमध्ये अ‍ॅफिलिएट मॅनेजरचं काम कसं करावं

महिन्याची सात-आठ तारीख उजाडली की माझ्या टेलिग्रामवर ठरलेले मेसेज यायला लागतात. 'स्टेटमेंट कधी?' 'डॅशबोर्डवर अकरा हजार दिसत होते, स्टेटमेंटवर सात कसे?' 'मागचा इनव्हॉइस अजून पेंडिंग आहे, बघ ना जरा.' पूर्वी हे सगळं स्काइपवर चालायचं. मे २०२५ मध्ये स्काइप बंद झालं आणि 'तू तेव्हा अमुक टक्के म्हणाली होतीस' याचे आमच्याकडचे कित्येक पुरावे त्यासोबत गेले. तेव्हापासून डीलमधला प्रत्येक शब्द मी ईमेलवर घेते. या लेखातला पहिला सल्ला हाच समजा.

अ‍ॅफिलिएट म्हणजे कॅसिनो किंवा बेटिंग साइटकडे खेळाडू पाठवून कमिशन घेणारा. त्यात तुलना करणाऱ्या वेबसाइट येतात, टिपस्टर (कशावर पैसे लावावेत ते सुचवणारे), स्ट्रीमर, न्यूजलेटरवाले येतात आणि जाहिराती विकत घेणाऱ्या टीमही येतात. ऑपरेटर म्हणजे प्रत्यक्ष साइट चालवणारी कंपनी. मॅनेजरचा पगार ऑपरेटर देतो, पण त्याचा दिवस अ‍ॅफिलिएटशी बोलण्यात जातो, आणि दोघांनाही वाटत असतं की हा समोरच्याच्या बाजूचा आहे. नवीन माणसाची समजूत असते की अ‍ॅफिलिएट शोधून आणणं म्हणजे काम. ते त्यातल्या त्यात सोपं. अवघड हे की महिन्याअखेरीस स्टेटमेंटवर येणारा आकडा खऱ्या खेळाडूंचा असावा आणि दोन्ही बाजूंना तो समजावून सांगता यावा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका आकड्यापाशी येऊन थांबतात.

आणखी एक आधीच सांगते. या धंद्यात कमिशन बहुतेक वेळा खेळाडूच्या हरण्यातून येतं. हे सहन होत नसेल तर दुसऱ्या क्षेत्रात अ‍ॅफिलिएट मार्केटिंग करा, कौशल्य तेच लागतं. सहन होत असेल तर पुढे नियमांबद्दल जे लिहिलंय ते कंटाळवाणं म्हणून ओलांडून जाऊ नका.

पहिली पायरी: कंपनीचं लायसन्स आणि बाजार

मुलाखतीआधी कंपनीच्या साइटच्या तळाशी जा. तिथे लायसन्स नंबर असतो. ब्रिटनच्या गॅम्ब्लिंग कमिशनचं आणि माल्टा गेमिंग अथॉरिटीचं लायसन्सधारकांचं रजिस्टर ऑनलाइन कुणालाही पाहता येतं. नंबर, कंपनीचं नाव आणि डोमेन तिन्ही जुळतात का ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

पण नुसतं लायसन्स पुरत नाही. ते कुठल्या देशातल्या खेळाडूंसाठी चालतं हा खरा प्रश्न. ब्रिटनमध्ये २०१४ च्या कायद्यापासून कंपनी कुठेही असो, ब्रिटनमधला ग्राहक घ्यायचा तर ब्रिटनचंच लायसन्स लागतं. स्वीडनने १ जानेवारी २०१९ ला, नेदरलँड्सने १ ऑक्टोबर २०२१ ला आणि ब्राझीलने १ जानेवारी २०२५ ला स्वतःची लायसन्स पद्धत सुरू केली. ब्राझीलमध्ये परवानाधारक साइट डॉट बेट डॉट बीआर या डोमेनवरच चालते, त्यामुळे तिथली खोटी साइट पत्त्यावरूनच ओळखू येते. कुरासावमध्ये पूर्वी मोजक्या मास्टर लायसन्सखाली ढिगाने सबलायसन्स वाटली जात. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे नवीन कायदा आला आणि लायसन्स थेट नियामकाकडून घ्यावं लागू लागलं. म्हणून 'आमच्याकडे कुरासावचं आहे' असं कुणी म्हणालं तर जुनं की नवं, हे विचारा.

काही बाजार सरळ बंद आहेत. ऑस्ट्रेलियात २००१ च्या कायद्याने ऑनलाइन कॅसिनोला मनाई आहे. इटलीने २०१८ मध्ये जुगाराच्या जाहिरातींवर बंदी घातली. भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. त्यांची जाहिरात केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. अशा बाजारासाठी 'वाट काढू कशीतरी' म्हणणारी कंपनी तुम्हाला स्वतःच्या गुन्ह्यात भागीदार करू पाहतेय. आणि तुम्ही ज्या देशात बसून काम करणार, तिथला कायदाही आधी वकिलाकडून समजून घ्या.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. अ‍ॅफिलिएटचं पेमेंट कोण मंजूर करतं? महिन्याच्या कितव्या तारखेला जातं? गेल्या सहा महिन्यांत उशीर झाला का, झाला तर का? करारातल्या अटी मागच्या तारखेपासून बदलल्यात का कधी? उत्तर देताना समोरचा चाचरला तर मनात नोंद करा. मी एकदा केली नव्हती. त्या कंपनीत चार महिने मी रोज 'पुढच्या आठवड्यात नक्की' असं टाइप करत बसले, आणि ज्या अ‍ॅफिलिएटना ते लिहिलं त्यातल्या निम्म्यांनी नंतर माझ्या पुढच्या कंपनीशीही काम केलं नाही. त्यांच्या लेखी पैसे मी बुडवले होते.

दुसरी पायरी: हिशोबाची भाषा

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात.

एफटीडी म्हणजे पहिल्यांदा डिपॉझिट करणारा खेळाडू. सीपीए डीलमध्ये अशा प्रत्येक खेळाडूमागे ठरलेली एकरकमी रक्कम मिळते. रेव्हशेअरमध्ये त्या खेळाडूकडून कंपनीला जे उत्पन्न होतं त्यातला ठरलेला टक्का, बहुतेक करारांत खेळाडू खेळतोय तोवर. हायब्रिडमध्ये दोन्ही, थोडं थोडं. मोठ्या तुलना साइट वरच्या जागेसाठी दरमहा वेगळी फी घेतात. तिला लिस्टिंग फी म्हणतात.

गोम रेव्हशेअरमध्ये आहे, कारण टक्का कशाचा हे ऐकणाऱ्याच्या कानावर वेगळं पडतं. खेळाडूंनी लावलेल्या पैशातून त्यांनी जिंकलेले वजा केले की जीजीआर येतो, म्हणजे ढोबळ उत्पन्न. त्यातून बोनसचा खर्च, कर, गेम पुरवणाऱ्यांची फी, पेमेंटचा खर्च आणि चार्जबॅक (खेळाडूने बँकेमार्फत परत ओढलेले पैसे) कापल्यावर उरतो तो एनजीआर. टक्का जवळजवळ नेहमी एनजीआरवर असतो.

आकड्यात बघू. समजा एका अ‍ॅफिलिएटच्या ब्रिटिश खेळाडूंचा महिन्याचा जीजीआर ५०,००० पौंड झाला. बोनस ९,०००. कर २१ टक्क्यांनी १०,५००. गेम आणि पेमेंटचा खर्च ८,०००. उरले २२,५००. पस्तीस टक्के रेव्हशेअर म्हणजे ७,८७५ पौंड. अ‍ॅफिलिएटच्या डोक्यात मात्र पन्नास हजाराचे पस्तीस टक्के, म्हणजे १७,५०० असतात. आता ब्रिटनने रिमोट गेमिंग ड्युटी, म्हणजे हाच कर, एप्रिल २०२६ पासून २१ वरून ४० टक्क्यांवर नेली. वरच्याच हिशोबात कर २०,००० धरा. एनजीआर १३,००० होतो आणि त्याच अ‍ॅफिलिएटच्या हातात ४,५५० येतात. खेळाडू तेच, टक्का तोच, पैसे जवळपास निम्मे. प्रत्यक्षात कराचा पाया ठरवताना बारीक भेद असतात, पण हा ढोबळ हिशोब कागदावर मांडून प्रत्येक मोठ्या अ‍ॅफिलिएटला आधीच दाखवा. स्टेटमेंट पाहून त्याला धक्का बसला की मग समजावणं हे सारवासारव वाटतं.

दुसरी कळीची गोष्ट म्हणजे निगेटिव्ह कॅरिओव्हर. एखादा खेळाडू महिन्यात ३०,००० जिंकला तर अ‍ॅफिलिएटचा एनजीआर उणे होतो. ही उणे रक्कम पुढच्या महिन्यात ओढली तर तो दोन-तीन महिने फुकट काम करतो. बहुतेक चांगले प्रोग्राम दर महिन्याला खातं शून्यावर आणतात. पण कंपनीची बाजूही खोटी नाही: एकच बडा खेळाडू एका महिन्यात जिंकतो, दुसऱ्या महिन्यात तेच पैसे हरतो, आणि अ‍ॅफिलिएटला दुसऱ्या महिन्याचं पूर्ण कमिशन जातं. म्हणून मधला मार्ग म्हणजे हाय रोलरची अट. ठरलेल्या रकमेच्या वर जिंकलेल्या खेळाडूचं खातं वेगळं ठेवायचं, त्याची उणे रक्कम फक्त त्याच्याच पुढच्या उत्पन्नातून वळती करायची. ही अट करारात आहे का, रक्कम किती आहे, आणि ती खरंच तशी लावली जाते का हे पहिल्याच आठवड्यात फायनान्सला विचारा. कराराचं पान आणि सिस्टममधली सेटिंग वेगवेगळी असल्याचं मी दोनदा पाहिलंय.

तिसरी पायरी: ट्रॅकिंग स्वतः तपासा

इन्कम अ‍ॅक्सेस, नेटरिफर, मायअ‍ॅफिलिएट्स, सेलएक्सपर्ट, अफिल्का ही या धंद्यातली नेहमीची सॉफ्टवेअर. कुठलंही असो, साखळी एकच. खेळाडू अ‍ॅफिलिएटच्या लिंकवर क्लिक करतो, लिंकमध्ये त्या अ‍ॅफिलिएटचा टॅग आणि क्लिक आयडी असतो, नोंदणीच्या वेळी तो आयडी खेळाडूच्या खात्याला चिकटतो, डिपॉझिट झालं की आपला सर्व्हर अ‍ॅफिलिएटच्या सर्व्हरला कळवतो. या कळवण्याला पोस्टबॅक म्हणतात. सफारी ब्राउझरने मार्च २०२० पासून तिसऱ्या पक्षाच्या कुकी (ब्राउझरमध्ये दुसऱ्या साइटने ठेवलेल्या खुणा) सरसकट अडवल्या, त्यामुळे कुकीवरच्या ट्रॅकिंगवर भरवसा ठेवायचे दिवस गेले.

साखळी तुटते ती जोडांपाशी. लँडिंग पेज (क्लिकनंतर उघडणारं पान) बदललं आणि एका पानावरून दुसऱ्यावर जाताना लिंकमधला टॅग गळला. खेळाडू मोबाइल साइटवरून अ‍ॅप स्टोअरला गेला आणि अ‍ॅपमधून कोऱ्या पाटीने नोंदणी केली. कागदपत्रांची तपासणी लांबली, खातं चार दिवसांनी सुरू झालं, तोवर नोंद 'ऑरगॅनिक', म्हणजे आपणहून आलेला खेळाडू, म्हणून पडली.

एका शुक्रवारी संध्याकाळी आमच्या वेब टीमने नवीन पेज चढवलं आणि सगळे घरी गेले. शनिवारी सकाळी एका अ‍ॅफिलिएटचा स्क्रीनशॉट आला: क्लिक १,९१२, नोंदणी ०. खाली फक्त एक प्रश्नचिन्ह. बिचारा जाहिरातींवर रोख पैसे घालत होता. सर्व्हरच्या लॉगवरून आम्ही त्याचे खेळाडू जुळवून दिले, पण त्याला दोन आठवडे लागले. तेव्हापासून माझी सवय: वेबसाइटवर कुठलाही बदल झाला की क्यूए, म्हणजे तपासणी करणाऱ्या, टीमकडून टेस्ट लिंकने क्लिक ते डिपॉझिट पूर्ण फेरी मारून घ्यायची, एकदा फोनवरून, एकदा लॅपटॉपवरून, आणि शुक्रवारी बदल होऊ द्यायचे नाहीत. रोज सकाळी पहिल्या दहा अ‍ॅफिलिएटचं क्लिक-नोंदणी गुणोत्तर बघायचं. एकाचं कोसळलं तर कारण त्याच्याकडे असेल, दहाच्या दहा कोसळले तर आपल्याकडेच.

चौथी पायरी: अ‍ॅफिलिएट शोधणं आणि पहिला मेसेज

शोधायचं कसं यात फार गूढ नाही. ज्या बाजारात काम आहे तिथे खेळाडू जे शब्द गूगलवर टाकतात ते टाका, पहिली तीन पानं उघडा, यादी करा. प्रतिस्पर्धी ब्रँडच्या लिंक कुठल्या साइटवर आहेत ते बघा. अर्ज करून स्वतः आलेल्यांत रत्नं कमी आणि खडे जास्त असतात, पण अर्ज आला की चोवीस तासांत उत्तर द्या.

पहिल्या मेसेजमध्ये लोक फार चुका करतात. 'नमस्कार, आमचा ब्रँड अत्यंत आकर्षक आहे, सहकार्य करू या' असे पन्नास मेसेज अ‍ॅफिलिएटला आठवड्याला येतात. त्याऐवजी त्याच्या साइटवरचं एक विशिष्ट पान वाचा आणि त्याबद्दल लिहा. उदाहरणार्थ: 'तुमच्या झटपट पैसे काढण्याच्या यादीत चौथ्या क्रमांकाची साइट आता त्या बाजारात चालत नाही. आमच्याकडे तपासलेल्या खात्याला पैसे सरासरी किती वेळात मिळतात त्याचा गेल्या तीन महिन्यांचा आकडा सोबत देतेय. ती जागा रिकामी करणार असाल तर बोलू.' तीन वाक्यं. त्याचं काम सोपं झालं, तुम्ही त्याची साइट वाचलीत हेही कळलं.

मोठे समूह वेगळं प्रकरण आहे. बेटर कलेक्टिव्ह, कटेना मीडिया, राकेटेक, गॅम्ब्लिंग डॉट कॉम ग्रुप या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आहेत, तिथे तुमच्यासमोर खरेदी विभागासारखा विभाग बसतो. ते तुमच्याकडचे रूपांतराचे आकडे (आलेल्यांपैकी किती जण खेळाडू झाले) मागतात आणि जागेची फी सांगतात. छोट्या ब्रँडच्या मॅनेजरने सुरुवातीलाच तिथे जाऊन बजेट संपवू नये. पाच-सात मध्यम, एकेकट्या माणसाने मन लावून चालवलेल्या साइट पहिल्या सहा महिन्यांत जास्त शिकवतात.

अंडी एका टोपलीत न ठेवण्याचं कारण गूगलने २०२४ मध्ये दाखवून दिलं. मोठ्या वृत्तपत्रांच्या साइटवर कोपऱ्यात कॅसिनोच्या याद्या चालवायची पद्धत होती. वृत्तपत्राच्या नावावर त्या वर यायच्या. गूगलने मार्चमध्ये त्याविरुद्ध धोरण जाहीर केलं, मे महिन्यापासून लागू केलं, नोव्हेंबरमध्ये आणखी आवळलं, आणि अशी कित्येक पानं शोधातून गायब झाली. तुमचे निम्मे एफटीडी एका स्रोताकडून येत असतील तर तुमचं निम्मं टार्गेट त्या स्रोताच्या नशिबाला बांधलेलं आहे.

पाचवी पायरी: डील

'किती सीपीए देता?' हा अ‍ॅफिलिएटचा पहिला प्रश्न. उत्तर लगेच देऊ नका. आधी विचारा: कुठला देश, कुठलं ट्रॅफिक (माणसं कुठल्या मार्गाने येतात), महिन्याला किती, आत्ता कुणाबरोबर काम चालू आहे. मग स्वतःचे आकडे बघा. समजा अशाच प्रकारच्या शंभर एफटीडींनी पहिल्या महिन्यात ४,५०० चा एनजीआर दिला, दुसऱ्यात २,६००, तिसऱ्यात १,७००, आणि सहा महिन्यांची बेरीज ११,५०० झाली. १२० सीपीएने तुम्ही त्या शंभरांसाठी १२,००० दिले. म्हणजे सहा महिन्यांनंतरही पैसे वसूल नाहीत. ९० देऊ शकता. किंवा ५० अधिक वीस टक्के रेव्हशेअर. या आकड्यांतही एक मेख असते: शंभरातला एखादा बडा खेळाडूच निम्मा एनजीआर देऊन जातो. त्याला काढून बेरीज पुन्हा करा, आणि मगच तोंड उघडा.

नवीन अ‍ॅफिलिएटला सीपीए द्यायचाच तर वीस-तीस एफटीडींची मर्यादा घालून चाचणी करा. बेसलाइन ठरवा, म्हणजे किमान किती डिपॉझिट आणि किती खेळ झाल्यावर खेळाडू मोजला जाईल. चाचणी संपल्यावर निर्णय किती दिवसांत देणार तेही लिहा. अ‍ॅफिलिएटला नकार चालतो. ताटकळणं चालत नाही.

आणि वचन देताना जपून. वरिष्ठांना न विचारता 'होऊन जाईल' म्हणणारा मॅनेजर पहिल्या महिन्यात फार लोकप्रिय असतो.

सहावी पायरी: आकडे सुंदर दिसले की संशय घ्या

एका नवीन अ‍ॅफिलिएटने आठवड्यात त्रेसष्ट एफटीडी पाठवले. विक्री विभागात टाळ्या. मी खेळाडूंची यादी उघडली. त्रेसष्टपैकी अठ्ठावन्न जणांचं डिपॉझिट बरोबर २० युरो. आमची बेसलाइनही २० डिपॉझिट, २० खेळ. जवळजवळ सगळे रूलेटवर लाल-काळा खेळलेले, एकूण खेळ २० ते २२ युरोंच्या मधे, मग उरलेले पैसे काढायची विनंती. दुसरं डिपॉझिट एकाचंही नाही. मग मी नोंदणीच्या वेळा लावून पाहिल्या. ठरावीक अंतराने एक, दिवसभर, आणि रोज एक ते दोनच्या दरम्यान शून्य. जेवायची सुट्टी.

म्हणजे कुठेतरी एका खोलीत माणसं बसून ओळीने खाती उघडत होती.

अशा वेळी पहिला मोह आरोप करायचा होतो. करू नका. क्रम असा ठेवा: फ्रॉड टीमला उपकरणं, आयपी आणि पेमेंट साधनं तपासायला सांगा, निष्कर्ष लेखी घ्या. पेमेंट कराराच्या ज्या कलमाखाली रोखताय ते कलम ईमेलमध्ये लिहा. अ‍ॅफिलिएटला ट्रॅफिकचा स्रोत विचारा: जाहिरातींच्या खात्याचे स्क्रीनशॉट, जाहिरातींची चित्रं-मजकूर, उपअ‍ॅफिलिएटची नावं. उत्तरासाठी मुदत द्या. त्या प्रकरणात हा माणूस स्वतःच फसला होता. त्याने ट्रॅफिक एका उपनेटवर्ककडून घेतलं होतं आणि पैसे आगाऊ देऊन बसला होता. आम्ही उरलेल्या पाच खऱ्या खेळाडूंचे पैसे दिले, उपनेटवर्क बंद केलं. तो आजही माझ्याबरोबर काम करतो. मी पहिल्या दिवशी त्याला चोर म्हटलं असतं तर हे झालं नसतं.

बाकीचे प्रकार थोडक्यात. स्वतःच्याच लिंकखाली स्वतः किंवा नातेवाइकांनी खेळणं. तुमच्या ब्रँडच्या नावावर गूगलमध्ये जाहिरात लावून आयते येणारे खेळाडू स्वतःच्या नावावर घेणं. तपासणीला एक पान दाखवून खेळाडूला दुसरंच दाखवणं. 'नोंदणी करा, पाच युरो रोख घ्या' असं सांगून माणसं जमवणं. क्लिकपैकी साठ टक्के नोंदणी होत असेल तर अभिनंदनाचा ईमेल पाठवायच्या आधी यादी उघडा.

सातवी पायरी: कम्प्लायन्स (नियमपालन), म्हणजे अ‍ॅफिलिएटची चूक तुमच्या नावावर

अ‍ॅफिलिएट बाहेरचा असला तरी नियामक दंड ऑपरेटरला करतो. ब्रिटनमध्ये मे २०१७ मध्ये बीजीओ कंपनीला स्वतःच्या आणि अ‍ॅफिलिएटच्या साइटवरच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी ३ लाख पौंड दंड झाला. पुढच्या वर्षी लिओव्हेगासला ६ लाख पौंड. तिथे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबरोबर, स्वतःला खेळापासून बंद करून घेतलेल्या ग्राहकांना पाठवलेलं मार्केटिंगही कारण होतं. सप्टेंबर २०१७ मध्ये स्काय बेटने तर आपला अ‍ॅफिलिएट प्रोग्रामच बंद केला. अमेरिकेत ओहायोने १ जानेवारी २०२३ ला बेटिंग खुलं केलं आणि पहिल्या काही आठवड्यांतच मोठ्या कंपन्यांना 'रिस्क-फ्री' या शब्दावरून दंड केले. खेळाडूचे पैसे जाणार असतील तर बेट रिस्क-फ्री कसलं, इतका तो साधा मुद्दा.

म्हणून मंजुरीआधी अ‍ॅफिलिएटची साइट स्वतः वाचा, मोबाइलवर वाचा. वयाची सूचना आहे का? बोनसच्या अटी ऑफरशेजारीच आहेत की तीन क्लिक आत? 'हमखास', 'कर्जातून सुटका', 'दुसरं उत्पन्न' असे शब्द? कार्टून, मुलांना ओढतील अशी चित्रं? ब्रिटनमध्ये १९ जानेवारी २०२६ पासून बोनसची वेजरिंग अट (पैसे काढण्याआधी बोनसच्या किती पट खेळावं लागतं) दहा पटींपेक्षा जास्त ठेवता येत नाही. जुन्या पानांवर अजून पस्तीस पट लिहिलेलं असेल तर ते खोटं ठरतं आणि तक्रार तुमच्या कंपनीविरुद्ध जाते. म्हणून ऑफर बदलली की ज्यांच्याकडे जुनी चालू आहे त्या सगळ्यांना नेमका नवीन मजकूर पाठवा आणि आठवड्याने पानं पुन्हा उघडून बघा. 'कृपया अपडेट करा' एवढ्यावर कुणी अपडेट करत नाही.

काही ठिकाणी अ‍ॅफिलिएटलाही परवाना लागतो. न्यू जर्सीत ठरावीक रकमेवर काम करणाऱ्याला नोंदणी पुरते, पण उत्पन्नात वाटा घ्यायचा तर वरचं लायसन्स लागतं. रोमेनियातही अ‍ॅफिलिएटसाठी वेगळ्या वर्गाचं लायसन्स आहे. हे कागद फाइलला नसताना लिंक सुरू करू नका.

एक गोष्ट मात्र मी कुठल्याही किमतीला करत नाही. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप, स्वीडनमध्ये स्पेलपाउस, नेदरलँड्समध्ये क्रुक्स या नोंदण्या आहेत. ज्याला खेळणं आवरत नाही तो तिथे स्वतःचं नाव घालतो आणि परवानाधारक साइट त्याला बंद होतात. आता काही अ‍ॅफिलिएट नेमकी 'गॅमस्टॉपवर नसलेले कॅसिनो' अशी पानं चालवतात. ती पानं शोधणारा माणूस कोण असतो, सांगायला नको. त्या पानांवरचे खेळाडू पहिल्या महिन्यात भरघोस एनजीआर देतात, हेही खरं आहे. अशी साइट अर्जात दिसली की मी नकार देते आणि कारण लिहून देते. यावरून एका वरिष्ठाशी माझं वाजलं होतं. कारण लेखी असल्यामुळेच निर्णय टिकला.

ईमेल पाठवणाऱ्या अ‍ॅफिलिएटला स्वतःला खेळापासून बंद करून घेतलेल्या ग्राहकांची यादी सुरक्षित पद्धतीने जुळवून घ्यायला लावा, प्रत्येक मोहिमेआधी. मागच्या महिन्यात जुळवली होती, हे उत्तर नाही.

परिषदा आणि रोजचा गाडा

आइस आणि आयजीबी अ‍ॅफिलिएट जानेवारी २०२५ पासून बार्सिलोनात भरतात, एसबीसी समिट २०२४ पासून लिस्बनला. जा, पण भेटी तीन आठवडे आधी ठरवून जा. मंडपात फिरून फक्त पिशव्या गोळा होतात. रात्रीच्या पार्टीत कुणी डील मागितली तर 'सकाळी ईमेल कर' म्हणा. सकाळी दहातले दोघं करतात, तेच तुमचे.

महिन्याचा फेरा मी असा लावते. एक ते तीन तारखेला आकडे फायनान्सकडून पक्के करून घेणं, उणे खाती आणि हाय रोलर वेगळे बघणं. चार-पाचला फ्रॉडमुळे कापलेले खेळाडू, प्रत्येकाच्या कारणासह. सहाला ज्यांचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी येणार त्यांना मी स्वतः कळवते, स्टेटमेंट जायच्या आधी. हे शेवटचं कुणी शिकवत नाही आणि आठ तारखेचे निम्मे मेसेज त्यानेच कमी होतात. दहा ते वीस पेमेंट आणि नवीन डील. वीसनंतर साइटची तपासणी.

नोकरी सोडताना प्रत्येक अ‍ॅफिलिएटची एक ओळ करून द्या: चालू डील, ती कुठल्या ईमेलमध्ये मान्य झाली त्याची तारीख, उधारी असेल तर रक्कम, तोंडी दिलेली वचनं, आणि त्याच्या साइटवर आपल्या ऑफरची पानं कुठली. तोंडी वचनांचा रकाना रिकामा राहिला तर नोटिशीच्या काळात अ‍ॅफिलिएटना एकेक करून फोन करा आणि विचारा. काही ना काही निघतंच. माझ्या मागच्या हस्तांतरात तीन निघाली होती, त्यातलं एक मला स्वतःलाच आठवत नव्हतं.